हंगेरीच्या राजप्रतिनिधीचें आत्मवृत्त व त्याचें दप्तर

पहिल्या महायुद्धानंतर युरोपांत जीं राज्यें उरलीं किंवा नव्यानें उभीं राहिलीं, त्यांत हंगेरीचें राज्य सर्वांत चमत्कारिक होय. देशाचें नांव राज्य. संत इश्त्वानाचा राजमुकुट बुदाच्या राजवाड्यांत पहाऱ्यांत. राजाज्ञेची, दरबाराची, मानमरातबाची सर्व भाषा जुनीच. राजा मात्र नाहीं. १ मार्च १९२० पासून १६ ऑक्टोबर १९४४ पर्यंत गादीच्या शेजारीं मिक्लोश हॉर्थी नांवाचा एक जुना नौसेनापति राजप्रतिनिधि म्हणून बसला होता. आणि ज्या आरमाराचा तो शेवटचा सरसेनापति, तें आरमार व त्या आरमाराचा समुद्रकिनारा हीं दोन्ही त्याच्या देशाकडे उरलेलीं नव्हतीं. ह्या विसंगतीवर युरोपांत विनोद पुष्कळ झाले. आम्हांस त्या विनोदांशीं कर्तव्य नाहीं. आम्हांस कर्तव्य आहे तें ह्या गृहस्थानें म्हातारपणीं लिहिलेल्या आत्मवृत्ताशीं आणि त्यानें मागें टाकलेल्या दप्तराशीं. एकाच पुरुषाचे हे दोन साक्षी. परंतु त्यांच्या जबान्या जुळत नाहींत.

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. बखर मागाहून लिहिली जाते, तिला कोणाला तरी कांहीं तरी पटवावयाचें असतें, आणि तिच्या कर्त्यास निकाल आधींच ठाऊक असतो. पत्र लिहिणाऱ्यास उद्यां काय होणार हें ठाऊक नसतें. हा न्याय मोडी कागदांपुरता नाहीं. विसाव्या शतकांतील राजपुरुषांचीं छापील, सचित्र, सूचीसह आत्मवृत्तें ह्या बखरीच होत, आणि हॉर्थीची बखर त्यांतील एक उत्तम नमुना आहे.

प्रथम ग्रंथांची ओळख. आत्मवृत्त १९५३ सालीं जर्मन भाषेंत बॉन येथें 'ऐन लेबेन फ्यूर उंगार्न', म्हणजे 'हंगेरीसाठीं एक आयुष्य', ह्या नांवानें निघालें. त्याच वर्षीं ब्वेनोस आयरेस येथें हंगेरियन भाषेंत 'एमलेकिरातईम' ह्या नांवानें. इंग्रजी आवृत्ति लंडन येथें १९५६ सालीं व न्यूयॉर्क येथें १९५७ सालीं झाली. न्यूयॉर्कच्या प्रतीस निकोलस रूझवेल्ट ह्यांचें प्रास्ताविक आहे. हे रूझवेल्ट पूर्वी बुदापेश्त येथें अमेरिकेचे वकील होते. ग्रंथकर्ता त्या वेळीं पोर्तुगालांत एस्तोरिल ह्या गांवीं परागंदा होऊन राहिला होता. त्याचें वय पंच्याऐंशीच्या घरांत, दप्तर हाताशीं नाहीं, देश शत्रूच्या हातीं. पुस्तकाचीं प्रकाशनस्थळें पाहिलीं तरी वाचक कोण अपेक्षिला आहे तें कळतें. बुदापेश्तचा वाचक त्यांत नाहीं, कारण त्याच्यापर्यंत पुस्तक पोहोंचूंच शकत नव्हतें. ९ फेब्रुवारी १९५७ रोजीं हॉर्थी एस्तोरिल येथेंच वारला.

दप्तर इकडे बुदापेश्त येथें राहिलें. त्यांतील निवडक कागद मिक्लोश सिनई व लास्लो स्यूच ह्या दोघांनीं 'मिक्लोश हॉर्थीचे गुप्त कागद' ह्या अर्थाच्या नांवानें १९६२ सालीं प्रसिद्ध केले. त्याची इंग्रजी आवृत्ति १९६५ सालीं निघाली. म्हणजे बखर आधीं, अस्सल मागून, आणि अस्सल छापून निघालें तेव्हां बखरकार हयात नव्हता. ह्या मधल्या काळांत, नोव्हेंबर १९५६ मध्यें, बुदाच्या टेकडीवरील राष्ट्रीय दप्तरखाना रशियन फौजांच्या तोफांच्या माऱ्यांत पेटला आणि किती तरी कपाटें जळून गेलीं. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांतील वेढ्यानें त्याच टेकडीची दैना त्यापूर्वीच केलेली होती. ज्या देशाचे कागद असे दोनदां आगींतून गेले त्या देशांत बखरीला भाव चढतो. कागदाची जागा रिकामी दिसली कीं आठवण तेथें येऊन बसते, आणि मग तिला उठवणें कठीण.

ह्या आत्मवृत्ताची सर्व पानें तपासण्याचा आमचा विचार नाहीं. तीन स्थळें घेतों. तीं आम्हीं सोयीचीं म्हणून निवडलेलीं नाहींत. ह्या तिन्ही ठिकाणीं बखरकाराला स्वतःचा बचाव करावयाचा आहे, आणि तिन्ही ठिकाणीं दुसरा पुरावा उपलब्ध आहे.

पहिलें स्थळ १९१९-२० चें. मार्च १९१९ मध्यें बेला कून ह्यानें बुदापेश्तांत बोल्शेव्हिक राज्य स्थापिलें. तें १ ऑगस्ट रोजीं कोसळलें. दक्षिणेकडे सेगेद येथें जें प्रतिपक्षाचें सरकार उभें राहिलें, त्यांत हॉर्थी प्रथम युद्धमंत्री व मग 'राष्ट्रीय सेने'चा सेनापति झाला. १६ नोव्हेंबर १९१९ रोजीं तो पांढऱ्या घोड्यावर बसून राजधानींत शिरला. ह्या सेनेंतील अधिकाऱ्यांच्या टोळ्यांनीं, विशेषतः पाल प्रोनाय ह्याच्या टोळीनें, दानूब नदीच्या पश्चिमेकडील गांवांत व अन्यत्र बोल्शेव्हिक म्हणून, यहुदी म्हणून, किंवा केवळ संशयावरून माणसें धरलीं, छळलीं व मारलीं. त्यालाच 'पांढरी दहशत' म्हणतात. मृतांचे आकडे पक्षागणिक वेगळे आहेत. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. प्रश्न इतकाच, कीं सेनापतीस काय ठाऊक होतें आणि त्यानें काय केलें.

आत्मवृत्त ह्यावर काय म्हणतें? अत्याचार झाकण्याचें आपणांस कारण नाहीं, अशी सुरुवात करून हॉर्थी म्हणतो कीं देश झाडावयाचा तर लोखंडी केरसुणीच हवी होती. आणि पुढें श्मिट-पाउली ह्या जर्मन लेखकाचें एक वाक्य उसनें घेतो, ज्याचा भावार्थ असा, कीं पृथ्वीवर मोकळा सुटलेला नरक देवदूतांच्या पंखांनीं वारा घालून शमत नाहीं. एवढें बोलून प्रकरण संपतें. वाचकांनीं येथें थांबून पाहावें. जेथें सेनापतीची स्वतःची साक्ष हवी, तेथें तो दुसऱ्याचें सुभाषित पुढें करतो. नांव नाहीं, गांव नाहीं, तारीख नाहीं, हुकूम नाहीं. आमच्याकडील बखरकारही अडचणीच्या जागीं 'ईश्वरी इच्छा' म्हणून पुढें सरकतो. तो ओळखीचा वळसा येथें दिसतो.

ह्याविरुद्ध प्रोनाय ह्याची रोजनिशी १९६३ सालीं बुदापेश्त येथें छापली गेली. तींत प्रोनाय आपल्या कृत्यांबद्दल खंत करीत नाहीं, बढाई मारतो. सेनापतीनें आपल्याकडे तक्रार केली असेंही तो लिहितो, परंतु त्या तक्रारीचा रोख असा, कीं जागोजाग सांपडणाऱ्या प्रेतांमुळें परदेशी वृत्तपत्रांस निमित्त मिळतें. ही साक्ष आम्ही जशीच्या तशी घेत नाहीं. प्रोनायचें पुढें हॉर्थीशीं वैर आलें होतें, रोजनिशीवर मागाहून हात फिरलेला आहे, आणि तिची निवड राजवटीच्या विरोधकांनीं केलेली आहे. परंतु तिच्यांतील एक लक्षण विचारांत घेण्यासारखें आहे. आपल्या धन्यास बुडविण्यासाठीं माणूस स्वतःवर खुनाचा आळ सहसा ओढवून घेत नाहीं.

समकालीन कागदांकडे वळावें तर तेथेंही दोन तोंडें. १९२० सालीं ब्रिटिश सरकारनें ह्या दहशतीच्या आरोपांसंबंधीं एक पत्रिका पार्लमेंटापुढें ठेवली. बुदापेश्तांतील ब्रिटिश प्रतिनिधि होहलर, जनरल गॉर्टन व ॲडमिरल ट्रूब्रिज ह्यांच्या लेखांवरून तींत निष्कर्ष निघतो तो असा, कीं दहशत वगैरे म्हणण्यासारखें कांहीं नाहीं, हीं वृत्तें फुगवलेलीं आहेत. त्याच वर्षीं ब्रिटिश मजूरपक्षाचें एक शिष्टमंडळ हंगेरींत जाऊन आलें आणि त्यानें बरोबर उलट अहवाल दिला. दोन्ही अहवाल इंग्रजी, दोन्ही एकाच वर्षाचे, दोन्ही छापील. समकालीनत्व हेंच प्रामाण्य मानणाऱ्यांनीं ह्या जोडीवर अवश्य विचार करावा. पहिल्या अहवालाचे साक्षी राजधानींतील वकिलातींत व कचेऱ्यांत बसणारे, दरबाराशीं घसट असणारे. त्यांत एक दर्यावर्दी सेनापति दुसऱ्या दर्यावर्दी सेनापतीविषयीं बोलतो आहे. दुसऱ्याचे साक्षी पराभूत पक्षाचे स्नेही. परंतु एका गोष्टीवर कोणत्याही पक्षास दुमत करतां येणार नाहीं. १७ फेब्रुवारी १९२० रोजीं 'नेपसवा' ह्या समाजवादी पत्राचा संपादक बेला शोमोजी व त्याचा तरुण सहकारी बेला बाचो ह्यांस लष्करी अधिकाऱ्यांनीं पळवून नेऊन ठार केलें व प्रेतें दानूबमध्यें टाकलीं. त्यानंतर तेराव्या दिवशीं, १ मार्च रोजीं, राष्ट्रीय सभेनें १४१ पैकीं १३१ मतांनीं हॉर्थीस राजप्रतिनिधि निवडलें. त्या दिवशीं सभागृहाच्या इमारतींत सशस्त्र अधिकारी वावरत होते. निवड झाल्यावर अधिकार वाढवून दिल्यावांचून पद स्वीकारीत नाहीं, असा हट्टही त्यानें धरला व तो पुरा झाला. दोन तारखा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे लोखंडी केरसुणीचें सुभाषित अपुरें पडतें.

दुसरें स्थळ अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मतें सर्व ग्रंथांत सर्वांत वाचनीय. १९२० च्या पहिल्या कायद्यानें असें ठरविलें होतें, कीं राजसत्तेचा अंमल १३ नोव्हेंबर १९१८ पासून बंद पडला आहे, राज्यप्रमुखाचा प्रश्न कायमचा सुटेपर्यंत राजप्रतिनिधि असावा, व त्यास राजाचे बहुतेक अधिकार असावेत, परंतु सरदारकी देण्याचा नसावा. 'कोर्मान्यझो' हें जें पद त्यास दिलें, तें १४४६ सालीं यानोश हुन्यादीस मिळालें होतें, आणि १८४९ सालीं कोशुथनें धारण केलें होतें. म्हणजे राजनिष्ठ व बंडखोर दोघांच्याही अंगावर बसलेला हा अंगरखा. राजनिष्ठांच्या समजुतीप्रमाणें गादीचा धनी ठरलेला होता. शेवटचा राजा कार्ल चौथा स्वित्झर्लंडमध्यें जिवंत होता, त्याचा राज्याभिषेक यथाविधि झालेला होता, आणि हॉर्थी त्याच्या शपथेंतला नौसेनापति होता.

२६ मार्च १९२१ रोजीं हा राजा वेष पालटून पश्चिम हंगेरींत सोम्बातहेय येथें बिशप मिकेश ह्याच्या वाड्यांत उतरला. दुसऱ्या दिवशीं, ईस्टरच्या रविवारीं, मोटारीनें बुदापेश्तास जाऊन त्यानें राजवाड्यांत हॉर्थीची गांठ घेतली. दोघे एका दालनांत बसले. तिसरा मनुष्य आंत नव्हता. टांचण झालें नाहीं. पुढचा एक सबंध वाद ह्या बंद दारामागच्या संभाषणावर उभा आहे.

आत्मवृत्तांतील चित्र असें : कुटुंबासह मेजावर बसलेला राजप्रतिनिधि, अकस्मात् आलेली वर्दी, जन्मांतील सर्वांत कठीण प्रसंग, आपण राजास विनविलें कीं ह्या क्षणीं परत जावें, नाहीं तर शेजारी राष्ट्रें चाल करून येतील, फ्रान्सचा मुख्य प्रधान ब्रियां ह्याचें पाठबळ आहे असें राजानें सांगितलें, परंतु चौकशी करतां फ्रान्सनें तें नाकारलें. राजपक्षाचे वृत्तांत, विशेषतः राजाचा चिटणीस कार्ल वेर्कमान ह्याचा १९२३ चा ग्रंथ व अलादार बोरोविचेन्यी ह्याचा ग्रंथ, हें संभाषण वेगळें सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें राजानें सत्ता परत मागितली, हॉर्थीनें आढेवेढे घेतले, मानमरातबाच्या गोष्टी निघाल्या, आणि शेवटीं तीन आठवड्यांची मुदत ठरली. ह्या मुदतीचा अर्थही दोघांनीं दोन प्रकारें केला. राजा समजला कीं तेवढ्यांत आपणांस गादी मिळणार. राजप्रतिनिधि समजला कीं तेवढ्यांत राजा निघून जाणार. ५ एप्रिलला राजा परत स्वित्झर्लंडास गेला.

ह्या ठिकाणीं कोणाचें खरें? आम्हीं दोन्ही बाजू पुनःपुन्हां पाहिल्या. आमचा निर्णय असा, कीं दालनांत काय बोलणें झालें ह्याविषयीं दोन्ही साक्षी सारख्याच नालायक आहेत. दोघांसही आपली शपथ वांचवावयाची होती. परंतु दालनाबाहेरच्या कारणाविषयीं अस्सल कागद आहेत व ते हॉर्थीच्या बाजूचे आहेत. दोस्त राष्ट्रांच्या वकिलांच्या परिषदेनें फेब्रुवारी १९२० मध्येंच जाहीर केलें होतें, कीं हाब्सबुर्ग घराण्याची पुनःस्थापना मान्य होणार नाहीं. चेकोस्लोव्हाकिया व युगोस्लाव्हिया ह्यांचा हंगेरीविरुद्ध परस्परसंरक्षणाचा तह १४ ऑगस्ट १९२० चा; म्हणजे राजाच्या आगमनापूर्वीं सात महिन्यांचा. राजा परत जातांच २३ एप्रिल १९२१ रोजीं चेकोस्लोव्हाकिया व रुमानिया, आणि ७ जून रोजीं रुमानिया व युगोस्लाव्हिया ह्यांचे तह होऊन वर्तुळ पुरें झालें. ऑक्टोबरांत राजा दुसऱ्यांदा आला, ह्या वेळीं विमानानें, आणि फौज जमवून आगगाडीनें राजधानीवर चालून निघाला. तेव्हां प्राग व बेलग्रेड येथून खरोखरच सैन्यांस जमण्याचे हुकूम सुटले. तेव्हां आक्रमणाचें भय ही हॉर्थीनें मागाहून रचलेली सबब नव्हे. येथें बखर अस्सलाच्या कसास उतरते, आणि ज्यांस हॉर्थी सर्वस्वीं खोटा ठरवावयाचा आहे त्यांनीं हें कबूल केलें पाहिजे.

मात्र त्याच प्रकरणाचा दुसरा भाग कसास उतरत नाहीं. आपण केवळ ठेव सांभाळणारे होतों, वेळ येतांच ती परत देण्यास उत्सुक होतों, हा आत्मवृत्ताचा सूर. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं बुदाओर्श येथें राजाची फौज थांबविली गेली. ६ नोव्हेंबर रोजीं ४७ व्या कायद्यानें कार्लाचे व त्याच्या घराण्याचे हक्क रद्द झाले. १ एप्रिल १९२२ रोजीं राजा मादेइरा बेटावर वारला व मागें नऊ वर्षांचा मुलगा राहिला. कायद्यानें राज्यपद्धति कायम ठेवली, राजाची निवड पुढें ढकलली. हें 'पुढें' कधींच आलें नाहीं. उलट १९३३ च्या कायद्यानें राजप्रतिनिधीचे सभेवरील अधिकार वाढले. १९३७ च्या कायद्यानें तो सभेस जबाबदार राहिला नाहीं व आपल्या मागें कोण ह्याची लेखी शिफारस करण्याचा अधिकार त्यास मिळाला. आणि फेब्रुवारी १९४२ मध्यें त्याचा पुत्र इश्त्वान उप-राजप्रतिनिधि निवडला गेला. ठेव सांभाळणारा मनुष्य ठेवीवर मुलाचें नांव चढवीत नाहीं.

कोणी म्हणेल कीं सातारा व पुणें हें उदाहरण आपल्या घरीं असतां हंगेरींत नवल तें काय? परंतु साम्य वरवरचें आहे. पेशव्यांस गादीवर कोणी तरी असणें जरूर होतें. प्रत्येक नव्या पेशव्यास छत्रपतींकडून वस्त्रें घ्यावीं लागत. हॉर्थीस वस्त्रें देणारा कोणी उरला नव्हता, आणि तसा तो उरूं नये ह्यांतच त्याच्या पदाचा जीव होता. मुकुट मात्र हवा होता. त्रियानोंच्या तहानें (४ जून १९२०) हंगेरीचा दोन-तृतीयांशांहून अधिक मुलूख गेला आणि तीस लाखांहून अधिक मग्यार लोक सीमेपलीकडे राहिले. गेलेल्या मुलुखावरील हक्क मुकुटाच्या नांवानें सांगतां येत. प्रजासत्ताकाच्या नांवानें तसे सांगतां येत नसत. राजावांचून राज्य ठेवण्याचें हें कारण आत्मवृत्तापेक्षां त्या काळच्या कायद्यांच्या भाषेंतून अधिक स्वच्छ कळतें.

१९२१ ते १९३१ हीं बेथलेन ह्याच्या प्रधानकीचीं वर्षें आत्मवृत्तांत शांततेचीं व पुनर्रचनेचीं म्हणून येतात. १९२२ सालीं राष्ट्रसंघांत प्रवेश, १९२४ चें २५ कोटि सुवर्ण-क्राउनांचें कर्ज, १९२७ पासून पेंग्यो हें नवें नाणें. हें सर्व खरें आहे. १९२२ मध्यें सरकारी हुकुमानें खेड्यांतील मतदान उघड करण्यांत आलें व मतदारांची संख्या घटविण्यांत आली, हेंही तितकेंच खरें. पाटलासमोर व फौजदारासमोर तोंडानें मत सांगावें लागलें म्हणजे शांतता कशी राहते हें आमच्या खेड्यांतल्या वाचकांस समजावून सांगावें लागणार नाहीं.

तिसरें स्थळ यहुद्यांविषयींच्या कायद्यांचें. येथें पणास लागलेली गोष्ट केवळ ग्रंथकर्त्याची अब्रू नव्हे. १५ मे पासून जुलै १९४४ च्या आरंभापर्यंत हंगेरीच्या प्रांतांतून चार लाखांहून अधिक यहुदी आउशविट्झकडे पाठविले गेले; हॉर्थीनें जुलैंत तें थांबविलें आणि बुदापेश्तांतील यहुदी तूर्त वांचले. थांबविल्याचें श्रेय त्याचें आहे, तें कोणी हिरावूं नये. परंतु आत्मवृत्त ह्या श्रेयाच्या उजेडांत मागचीं पंचवीस वर्षें पाहावयास लावतें. कायदे झाले ते जर्मनीच्या दडपणाखालीं, ग्रंथकर्ता स्वतः त्याविरुद्ध, असा एकूण ग्रह वाचकाच्या मनावर ठसतो.

ह्या ग्रहाचें खंडन करण्यास गुप्त कागदही नकोत, पंचांग पुरे. विश्वविद्यालयांत कोणत्या वंशाचे किती विद्यार्थी घ्यावेत हें ठरविणारा २५ वा कायदा सप्टेंबर १९२० चा आहे. त्यांत यहुदी हा शब्द नाहीं, परंतु त्याच्या अंमलबजावणींत यहुद्यांचा वांटा शेंकडा सहा धरला गेला. राष्ट्रसंघाकडे तक्रारी जाऊन १९२८ सालीं तो कांहींसा सैल करावा लागला. १९२० सालीं हिटलर हा म्युनिकच्या मद्यगृहांतील एक वक्ता होता. बुदापेश्तावर दडपण आणण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. उलट त्या वेळचें परकी दडपण होतें तें कायदा सैल करा असें सांगणारें.

आणि मग येतें तें १४ ऑक्टोबर १९४० चें पत्र. हॉर्थीनें तें आपला मुख्य प्रधान पाल तेलेकी ह्यास लिहिलें. तें गुप्त कागदांच्या संग्रहांत छापलें आहे. त्यांत तो म्हणतो कीं आपण जन्मभर यहुदीद्वेष्टे आहों, त्यांच्याशीं आपण कधीं संबंध ठेवला नाहीं, देशांतील कारखाने, पेढ्या व व्यापार त्यांच्या हातीं असावे हें आपणांस असह्य वाटतें. परंतु त्यांस एका-दोन वर्षांत काढून त्यांच्या जागीं नालायक व तोंडाळ माणसें बसविलीं तर देशाचें दिवाळें वाजेल. हें पत्र कसें वाचावें? हॉर्थीचे कैवारी उत्तरार्ध दाखवितात, विरोधक पूर्वार्ध. आम्हांस दोन्ही अर्ध एकाच मनाचे दिसतात. ह्या पत्रांत दया नाहीं व क्रौर्यही नाहीं. आहे ती कारभाऱ्याची काटकसर. आणि पत्र खाजगी आहे, आपल्याच प्रधानास आहे, जर्मन वकिलास दाखविण्यासाठीं लिहिलेलें नाहीं; म्हणून तें मोलाचें. १९५३ च्या बखरींतला संरक्षक आणि १९४० च्या पत्रांतला हिशेबी मनुष्य ह्यांतून एकाची निवड करावयाची तर आम्ही पत्रांतला निवडूं.

तथापि दप्तराच्या संपादकांसही मोकळें सोडतां येत नाहीं. त्यांचा ग्रंथ कम्युनिस्ट पक्षाच्या कोशुथ प्रकाशनसंस्थेनें छापला. १९५६ चा उठाव मोडून सहा वर्षें झालीं होतीं. जुन्या राजवटीचा जितका काळा रंग दिसेल तितकी नवी राजवट उजळ दिसणार होती. प्रस्तावना व टीपा ह्यांचा स्वर त्यास शोभेसाच आहे. शिवाय हा निवडक संग्रह होय, आणि निवडणाऱ्याचा हात कोठें थांबला व कोठें पुढें गेला हें छापील पुस्तकावरून कळत नाहीं. परंतु निवडीविषयीं संशय घेणें निराळें व कागद खोटा म्हणणें निराळें. ज्यांनीं आमच्याकडे एका घराण्याच्या दप्तरांतून सोयीचीं तेवढीं पत्रें छापणारे संपादक पाहिले आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं अशा संग्रहाचा उपाय तो संग्रह फेंकून देणें हा नव्हे. उरलेलें दप्तर मागणें हा होय. मॅकार्टनी ह्या इंग्रज पंडिताचा १९२९ ते १९४५ ह्या काळाचा मोठा द्विखंडी इतिहास १९५६ पासून निघाला, तेव्हां हा संग्रह छापला गेलेला नव्हता. हंगेरीविषयींची त्याची माया लक्षांत घेऊनच तो वाचावा. सॅकमिस्टर ह्या अमेरिकन लेखकाचें हॉर्थी-चरित्र १९९४ चें. त्याच्यापुढें बखर व दप्तर दोन्ही होतीं, आणि म्हणून तें अधिक भरंवशाचें.

४ सप्टेंबर १९९३ रोजीं हॉर्थीच्या अस्थि पोर्तुगालहून आणून त्याच्या जन्मगांवीं, केन्देरेश येथें, पुन्हां पुरल्या गेल्या. आत्मवृत्तही मायदेशीं परतून तेथें छापलें गेलें, आणि त्यांतील वाक्यें पुतळ्यांच्या वादांत पुरावा म्हणून वापरलीं गेलीं. हा वापर आम्हांस मान्य नाहीं. आत्मवृत्त टाकाऊ आहे असें आमचें म्हणणें नाहीं; फ्रान्स योसेफ बादशहाच्या दरबारांतील १९०९ ते १९१४ हीं वर्षें, आरमारांतील जीवन, १९१७ ची ओत्रांतोची लढाई हे भाग प्रत्यक्षदर्शी, तपशीलवार व निर्व्याज आहेत, कारण तेथें त्यास बचाव करावयाचा नव्हता. परंतु १९१९ च्या पुढें प्रत्येक पानासमोर तारखेचा कागद ठेवल्यावांचून तें वाचूं नये. ज्यांच्या संग्रहीं १९५६ ची लंडनची प्रत आहे त्यांनीं १९६५ चा गुप्त कागदांचा इंग्रजी खंड मिळवून तिच्या शेजारीं ठेवावा.

त्या खंडांतील एक कागद तर केवळ त्याच्यासाठीं पुस्तक घ्यावें असा आहे. २९ ऑगस्ट १९२६ रोजीं मोहाचच्या लढाईच्या चारशेव्या वाढदिवशीं त्या रणभूमीवर भाषण करून हॉर्थीनें सर्बांपुढें मैत्रीचा हात केला होता. डिसेंबर १९४० मध्यें युगोस्लाव्हियाशीं शाश्वत मैत्रीचा तह झाला. पुढें चार महिनेही लोटले नाहींत तोंच जर्मन फौजांस त्याच देशावर चालून जाण्यासाठीं हंगेरीनें वाट दिली. ३ एप्रिल १९४१ च्या पहाटे प्रधान तेलेकीनें स्वतःवर गोळी झाडून घेतली व राजप्रतिनिधीच्या नांवें चिठ्ठी ठेवली. भित्रेपणानें आपण वचन मोडलें, आपण आपणांस आवरलें नाहीं, दोष माझा, असा तिचा आशय. आणि मोडलेलें वचन कोणतें हें सांगतांना तेलेकीनें आठवण दिली आहे ती मोहाचच्या त्या भाषणाची. चिठ्ठी हॉर्थीच्या कागदांत राहिली.